रोवुमा ते मापुतो : मोझांबिकच्या आधुनिक इतिहासातील उभा देश आणि आडव्या वाटा

आफ्रिकेच्या नकाशावर मोझांबिक हा देश हिंदी महासागराच्या कडेने उत्तर-दक्षिण असा लांबट पसरलेला दिसतो. उत्तरेस टांझानियाच्या सीमेवरील रोवुमा नदी, दक्षिणेच्या टोकास मापुतो नदी आणि या दोहोंच्या दरम्यान सुमारे अडीच हजार किलोमीटरचा किनारा. मात्र याच नकाशावर रेल्वेमार्ग रेखाटले असता वेगळेच चित्र उभे राहते. लोरेंसो मार्किश (आजचे मापुतो) येथून ट्रान्सवालकडे, बेइराहून ऱ्होडेशियाकडे व नाकालाहून मलावीकडे जाणारे तिन्ही प्रमुख मार्ग किनाऱ्यावरून निघून पश्चिमेच्या शेजाऱ्यांकडे जातात. उत्तरेला दक्षिणेशी जोडण्याच्या हेतूने यांतील एकही मार्ग बांधला गेला नाही. देश उभा आणि त्याच्या वाटा आडव्या, ही विसंगती केवळ भौगोलिक नाही. मोझांबिकच्या आधुनिक इतिहासातील निर्णायक प्रसंग या विसंगतीच्या आधारे वाचले असता अधिक स्पष्ट होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या इतिहासाची मांडणी सामान्यतः दोन प्रकारे केली जाते. एका मांडणीत फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेची अखंड विजयगाथा असते, तर दुसरीत शीतयुद्धाच्या पटावरील एका प्याद्याची करुण कहाणी. दोन्ही मांडण्यांत तथ्य आहे. परंतु पहिलीत देशातील अंतर्गत भेद झाकले जातात, तर दुसरीत देशातील माणसेच दिसेनाशी होतात.

मराठी वाचकास मोझांबिक सर्वस्वी परका नसावा. आपल्या बाजारातील 'मोसंबी' या फळाच्या नावाची व्युत्पत्ती या देशाच्या नावावरून सांगितली जाते, हे गमतीने नमूद करण्याजोगे; पण त्याहून महत्त्वाची बाब अशी की इ. स. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालत असे. लिस्बनच्या राजाचा व्हाइसरॉय गोव्यात बसे आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ठाणी त्याच्या अधिकारक्षेत्रात मोडत. १६८६ मध्ये दीवच्या वाणी व्यापाऱ्यांच्या मंडळाला दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता मिळाला, तोही या व्यवस्थेतूनच. झांबेझीच्या खोऱ्यातील 'प्राझो' नामक जहागिऱ्या ज्यांच्याकडे गेल्या, त्यांत काही गोमंतकीय घराणीही होती. म्हापशात जन्मलेला मानुएल आंतोनियु द सौझा हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोरोंगोझा परिसराचा जवळजवळ राजाच झाला होता. स्वतःच्या सैन्याच्या बळावर त्याने पोर्तुगालसाठी मुलूख जिंकला आणि १८९२ मध्ये लढाईतच तो मारला गेला. वसाहतवादाचा भार वाहणारे आणि त्याचा लाभ घेणारे असे दोन्ही प्रकारचे लोक आपल्या किनाऱ्यावरून तिकडे गेले, हे मान्य करूनच पुढे जावयास हवे.

वास्तविक १८९० पर्यंत पोर्तुगालचा अंमल किनारा आणि झांबेझीचा काठ यांपलीकडे फारसा नव्हता. त्या वर्षीच्या जानेवारीत ब्रिटनने पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला आणि अंगोलापासून मोझांबिकपर्यंत सलग साम्राज्य उभारण्याचे लिस्बनचे स्वप्न संपुष्टात आले. १८९१ च्या तहाने आजच्या सीमा बहुतांशी ठरल्या. आता हाती आलेला मुलूख प्रत्यक्ष ताब्यात घेणे भाग होते. दक्षिणेत गाझाचे बलाढ्य राज्य होते व त्याचा अधिपती न्गुंगुन्याने हा ब्रिटिश आणि पोर्तुगीज या दोघांशीही वाटाघाटी करण्यात वाकबगार होता. २८ डिसेंबर १८९५ रोजी शायमिती येथे मूझिन्यो द अल्बुकेर्क या अधिकाऱ्याने त्याला कैद केले. लिस्बनमध्ये त्याचे प्रदर्शन मांडल्यानंतर त्याला अझोर्स बेटांवर हद्दपार करण्यात आले, आणि तेथेच १९०६ मध्ये त्याचा अंत झाला. १९८५ मध्ये स्वातंत्र्याच्या दहाव्या वर्धापनदिनाच्या सुमारास त्याचे अवशेष समारंभपूर्वक मायदेशी आणले गेले. वस्तुतः गाझाच्या फौजांनी शेजारच्या चोपी आदी समाजांवर केलेल्या अत्याचारांच्या स्मृती त्या समाजांत टिकून होत्या. राष्ट्राला वीरपुरुष हवा असतो, मग कोणाचा वीर आणि कोणाचा जुलमी हा प्रश्न बाजूस सारला जातो. महाराष्ट्राबाहेरच्या प्रदेशांतील मराठेशाहीच्या स्मृतींचा अभ्यास केलेल्या वाचकाला हा पेच नवा नाही.

गाझाचा पाडाव झाला त्याच १८९५ साली लोरेंसो मार्किश ते प्रिटोरिया हा रेल्वेमार्ग सुरू झाला. विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींना जवळचे बंदर मिळाले आणि पोर्तुगालला उत्पन्नाचे साधन. १८९८ मध्ये उत्तरेकडील मोझांबिक बेटावरची राजधानी लोरेंसो मार्किशला हलविण्यात आली. देशाच्या अगदी दक्षिण टोकास, दक्षिण आफ्रिकेच्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत राजधानी असणे हे एरवी अनाकलनीय वाटावे. खाणींच्या संदर्भात पाहिले की ते सहज उलगडते.

भांडवलाच्या अभावी पोर्तुगालने मध्य व उत्तर भागाचा मोठा हिस्सा सनदी कंपन्यांच्या स्वाधीन केला. मानिका व सोफालाचा प्रदेश मोझांबिक कंपनीकडे, तर रोवुमालगतचा प्रदेश न्यासा कंपनीकडे गेला. मोझांबिक कंपनीची स्वतःची पोलीस दले व टपाल तिकिटे होती. कर ती गोळा करी आणि वेठीने मजूरही तीच पकडून नेई. न्यासा कंपनीची राजवट १९२९ पर्यंत, तर मोझांबिक कंपनीची १९४२ पर्यंत टिकली. परिणामी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकाच नावाखाली तीन वेगवेगळे मोझांबिक नांदत होते. दक्षिणेतील पुरुष खाणींत जात. मध्य भागात मळे आणि ऱ्होडेशियाकडची वाहतूक. उत्तरेत मात्र शेतकऱ्याच्या माथी सक्तीचा कापूस मारला गेला व १९३८ नंतर ही सक्ती अधिकच कडक झाली. सर्वत्र समान होता तो 'चिबालो', म्हणजे सक्तीचे श्रम.

खाणमजुरीची व्यवस्था विशेष लक्ष देण्याजोगी आहे. १९०९ च्या करारानुसार दक्षिण आफ्रिकेला मोझांबिकमध्ये मजूरभरतीची मुभा मिळाली, आणि मोबदल्यात ट्रान्सवालच्या मालवाहतुकीचा ठरावीक हिस्सा लोरेंसो मार्किश बंदरातून नेण्याची हमी पोर्तुगालला मिळाली. म्हणजे माणसे एका दिशेने आणि माल दुसऱ्या दिशेने, असा हा सौदा होता. उष्ण प्रदेशातून आलेल्या मजुरांचे खाणींतील मृत्यूचे प्रमाण भयावह ठरल्याने १९१३ पासून २२ अंश दक्षिण अक्षांशाच्या उत्तरेकडून भरती बंद झाली. पुढे १९२८ च्या करारान्वये मजुरीचा काही भाग मजूर घरी परतल्यावरच देण्याची पद्धत रूढ झाली. त्यापोटी पोर्तुगालला कालांतराने सोने मिळू लागले. ते अधिकृत दराने घेतले जाई आणि बाजारभावातील फरक लिस्बनच्या तिजोरीत राही. मजुराच्या हाती मात्र स्थानिक चलनच पडे.

या तुकड्यांतून एकसंध राष्ट्रवाद कसा उभा राहिला, हा खरा प्रश्न आहे. त्याची सुरुवात देशाबाहेरच झाली. १६ जून १९६० रोजी उत्तरेतील माकोंदे पठारावर म्वेदा येथे जमलेल्या जमावावर पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या हुकुमाने गोळीबार झाला. फ्रेलिमोच्या इतिहासात मृतांचा आकडा सहाशे दिला जातो. अनेक संशोधकांना तो अतिशयोक्त वाटतो. आकडा काहीही असो, टांगानिकात कामाला गेलेल्या माकोंदे मजुरांच्या मनावर या घटनेचा खोल ठसा उमटला. २५ जून १९६२ रोजी दार-ए-सलाममध्ये तीन संघटना एकत्र येऊन फ्रेलिमोची स्थापना झाली. यांपैकी एक ऱ्होडेशियातील, दुसरी टांगानिका-केनियातील आणि तिसरी न्यासालँडमधील स्थलांतरित मोझांबिकवासीयांत वाढलेली होती. ज्या आडव्या वाटांनी मजूर बाहेर गेले, त्याच वाटांच्या पलीकडच्या टोकांना त्यांना आपण 'मोझांबिकचे' असल्याची जाणीव झाली. तिघांना एकत्र बांधणारे एदुआर्दो मोंद्लाने हे अमेरिकेत शिकलेले समाजशास्त्रज्ञ होते व संयुक्त राष्ट्रसंघात त्यांनी काम केले होते.

याच सुमारास गोव्याचा धागा पुन्हा जोडला जातो. एप्रिल १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील राष्ट्रवादी संघटनांची परिषद स्थापन झाली. गोव्याची बाजू मांडणाऱ्यांत गोव्यात जन्मलेले आकिनु द ब्रागांसा हे पत्रकार होते. यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि सालाझार सरकारने त्याचा राग मोझांबिकमधील भारतीयांवर काढला. भारतीय नागरिकत्व असलेल्या व्यापाऱ्यांना छावण्यांत डांबण्यात आले, त्यांची मालमत्ता गोठविली गेली व पुढे त्यांना देशाबाहेर घालविण्यात आले. गोमंतकीय ख्रिस्ती नोकरदार मात्र पोर्तुगीज नागरिक म्हणून बहुधा वाचले. एकाच उपखंडातून आलेल्या दोन समूहांचे भवितव्य पारपत्राच्या रंगाने ठरले.

२५ सप्टेंबर १९६४ रोजी काबो देल्गादो प्रांतातील शाय येथील ठाण्यावर हल्ला करून फ्रेलिमोने सशस्त्र लढा पुकारला. लढा पेटला तो प्रामुख्याने उत्तरेच्या काबो देल्गादो, न्यासा आणि पुढे तेते या प्रांतांत. नेतृत्व मात्र बव्हंशी दक्षिणेतील शिक्षितांचे होते. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी टपालाने आलेल्या बॉम्बने मोंद्लाने यांचा बळी घेतल्यावर हा तणाव उफाळून आला. उपाध्यक्ष उरिया सिमांगो हे मध्य भागातील होते. त्यांना बाजूस सारून १९७० मध्ये दक्षिणेतील गाझा प्रांताचे सामोरा माशेल अध्यक्ष झाले. सिमांगो व त्यांचे काही सहकारी स्वातंत्र्यानंतर कोणत्याही न्यायालयीन खटल्याविना गुप्तपणे ठार मारले गेले. हा मतभेद म्हणजे क्रांतिकारक विरुद्ध प्रतिगामी असा संघर्ष होता, असे पक्षाचा अधिकृत इतिहास सांगतो. विचारांचा भेद होता हे निश्चित. परंतु केवळ तेवढ्याने मध्य भागातील पुढच्या असंतोषाचा उलगडा होत नाही.

पोर्तुगीज सैन्याने गावेच्या गावे कुंपणबंद वस्त्यांत हलविली. १६ डिसेंबर १९७२ रोजी तेतेजवळील विरियामू येथे सैनिकांनी शेकडो ग्रामस्थांची कत्तल केली. मिशनऱ्यांनी जमविलेली माहिती जुलै १९७३ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला ती कळली. त्याच तेते प्रांतात झांबेझीवर काओरा बासा हे प्रचंड धरण उभे राहत होते व त्याची वीज मुख्यतः दक्षिण आफ्रिकेला जाणार होती. ही आणखी एक आडवी वाट, तारांची.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्कराने हुकूमशाही उलथविली. नव्या सत्ताधाऱ्यांचा कानोसा घेण्यासाठी माशेल यांनी ब्रागांसा यांची मदत घेतली. ७ सप्टेंबर १९७४ रोजी लुसाका येथे करार झाला आणि त्याच दिवशी लोरेंसो मार्किशमधील काही गोऱ्या वसाहतवाल्यांनी नभोवाणी केंद्राचा ताबा घेतला; बंड काही दिवसांतच विरले. मे-जून १९७५ मध्ये माशेल यांनी रोवुमापासून राजधानीपर्यंत देशाच्या संपूर्ण लांबीचा प्रवास सभा घेत घेत केला. २५ जून रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. 'रोवुमापासून मापुतोपर्यंत' हे घोषवाक्य या प्रवासाने प्रत्यक्षात उतरले. मोझांबिकच्या इतिहासातील हा पहिला मोठा उभा प्रवास म्हणावा लागेल, आणि त्याचे प्रतीकमूल्य माशेल यांना नेमके कळले होते.

परंतु राज्ययंत्रणा चालविण्यास माणसे कोठे होती? पोर्तुगीज रहिवासी झुंडीने निघून गेले, जाताना अनेकांनी यंत्रसामग्रीची नासधूस केली. आणि निरक्षरतेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास होते. वीसहून अधिक बांटू भाषा असलेल्या देशाने पोर्तुगीज हीच राजभाषा ठेवली. पारतंत्र्याची भाषा एकतेची भाषा व्हावी हा उपरोध खराच, मात्र कोणत्याही एका देशी भाषेची निवड म्हणजे एका प्रदेशाची निवड ठरली असती. भाषावार प्रांतरचनेचा अनुभव घेतलेल्या आपल्यासारख्यांना हा निर्णय घाईचा वाटेल. मला तो त्या वेळी अपरिहार्य वाटतो. देशी भाषांना शाळेबाहेर ठेवण्याची त्याला दिलेली जोड मात्र अपरिहार्य नव्हती.

शाळा, दवाखाने आणि जमीन यांचे राष्ट्रीयीकरण झाले. लसीकरणाच्या व साक्षरतेच्या मोहिमांना आरंभीच्या वर्षांत खरोखर यश लाभले. मात्र शेतकऱ्यांना विखुरलेल्या वस्त्यांतून सामुदायिक गावांत आणण्याच्या धोरणात पोर्तुगीजांच्या कुंपणबंद वस्त्यांची छाया लोकांना दिसली. पारंपरिक मुखियांना पदच्युत केले गेले, पूर्वजांच्या विधींची हेटाळणी झाली. १९८३ मध्ये शहरांतील 'अनुत्पादक' माणसे पकडून दूर न्यासात पाठविण्यात आली. या मोहिमेचे समर्थन करणे फ्रेलिमोच्या मित्रांनाही कठीण गेले.

बाहेरचा दाब तर सततच होता. ३ मार्च १९७६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्बंधांचा अंमल करीत मोझांबिकने ऱ्होडेशियाची सीमा बंद केली व बेइराचे उत्पन्न आपल्या हाताने आटविले. इकडे दक्षिण आफ्रिकेने खाणमजुरांची संख्या झपाट्याने कमी केली; १९७५ मधील सुमारे १ लाख १८ हजारांवरून १९७७ मध्ये ती सुमारे ४१ हजारांवर आली. याच काळात ऱ्होडेशियाच्या गुप्तवार्ता संघटनेने रेनामो ही सशस्त्र संघटना उभी केली. त्या संघटनेचे प्रमुख केन फ्लॉवर यांनी पुढे आत्मकथनात तसे लिहून ठेवले. १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र होताच रेनामोची सूत्रे दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराकडे गेली. त्याच वर्षी शेजारच्या स्वतंत्र राष्ट्रांनी दक्षिण आफ्रिकेवरील अवलंबन कमी करण्यासाठी संघटना स्थापिली. समुद्रकिनारा नसलेल्या झिंबाब्वे, झांबिया, मलावी यांना मोझांबिकची बंदरे हवी होती. म्हणूनच रेनामोचे हल्ले रूळ, पूल आणि तेलवाहिन्या यांवर केंद्रित झाले. बेइराच्या मार्गाचे रक्षण करण्यासाठी झिंबाब्वेचे हजारो सैनिक येऊन राहिले.

असे असले तरी रेनामो निव्वळ बाहेरची बाहुली होती काय? फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्रिश्चियन जेफ्रे यांनी नांपुला प्रांतातील एराती येथे केलेल्या अभ्यासात दाखविले की सामुदायिक गावांमुळे दुखावलेल्या मुखियांनी आपल्या लोकांसह रेनामोचा आसरा घेतला होता. ठिणगी बाहेरून आली, सरपण मात्र घरचे होते. याचा अर्थ रेनामोच्या क्रौर्याला सूट द्यावी असा नव्हे. जुलै १९८७ मध्ये ओमोइने येथे ४२४ माणसांचा संहार झाला व त्याचा ठपका रेनामोवर आला. युद्ध, दुष्काळ आणि रोगराई मिळून मृतांचा अंदाज दहा लाखांपर्यंत जातो. शेजारी देशांत आश्रय घेतलेल्यांची संख्या पंधरा लाखांच्या वर गेली.

१६ मार्च १९८४ रोजी माशेल यांनी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी न्कोमाती करार केला. आफ्रिकन राष्ट्रीय काँग्रेसला तळ नाकारायचे आणि दक्षिण आफ्रिकेने रेनामोला मदत थांबवायची, असा तो करार होता. मोझांबिकने आपला शब्द बऱ्याच अंशी पाळला. ऑगस्ट १९८५ मध्ये गोरोंगोझातील रेनामोच्या मुख्य तळावर सापडलेल्या कागदपत्रांतून दुसऱ्या बाजूने तो पाळला नसल्याचे उघड झाले. १९ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री झांबियाहून परतणारे माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथील टेकडीवर आदळले. दक्षिण आफ्रिकेच्या चौकशी मंडळाने वैमानिकांना दोषी ठरविले; सोव्हिएत तज्ज्ञांनी खोट्या दिशादर्शक संकेताचा आरोप केला. या वादाचा निकाल लागलेला नाही.

त्या विमानात आकिनु द ब्रागांसाही होते. एदुआर्दो मोंद्लाने विद्यापीठातील आफ्रिकी अभ्यास केंद्राचे ते संचालक. याच केंद्राने खाणमजुरांचा मूलगामी अभ्यास केला होता, आणि याच केंद्रात १७ ऑगस्ट १९८२ रोजी टपालबॉम्बने रूथ फर्स्ट या विदुषीचा बळी गेला, तेव्हा त्याच खोलीत असलेले ब्रागांसा जखमी झाले होते. मृत्यूच्याच वर्षी, १९८६ मध्ये, जाक देपेल्शॅन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी फ्रेलिमोचे आदर्शीकरण सोडून इतिहासाच्या आकलनाकडे वळण्याचे आवाहन केले होते. सत्तेच्या इतक्या निकट असलेल्या माणसाने ही भूमिका घ्यावी याचे मोल मोठे आहे. गोव्याच्या इतिहासलेखनात त्यांना अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही.

माशेल यांच्यानंतर जोआकिम शिसानो यांनी १९८९ मध्ये पक्षाची मार्क्सवादी-लेनिनवादी ओळख सोडली, १९९० मध्ये बहुपक्षीय राज्यघटना आली. कॅथलिक सांत एजिदियो समुदायाच्या मध्यस्थीने ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे शांतता करार झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत भारतीय सैनिकही होते. ऑक्टोबर १९९४ च्या निवडणुकीत २५० पैकी फ्रेलिमोला १२९ व रेनामोला ११२ जागा मिळाल्या. या आकड्यांपेक्षा त्यांचा नकाशा अधिक बोलका आहे. दक्षिणेत फ्रेलिमोचे निर्विवाद वर्चस्व होते, तर सोफाला, झांबेझिया, नांपुला आदी मध्य-उत्तर प्रांतांत रेनामो पुढे होती. कंपन्यांचा आणि कापसाचा जुना मोझांबिक मतपेटीतून डोकावत होता. राज्यपाल मात्र सर्वत्र राष्ट्राध्यक्षच नेमीत. या प्रश्नावरून २०१३ नंतर पुन्हा चकमकी झडल्या. राज्यपाल मतदानातून ठरू लागले ते २०१९ मध्ये, आणि त्या पहिल्याच खेपेस सर्व दहा प्रांत फ्रेलिमोकडे गेले.

१ ऑगस्ट २००९ रोजी कायया येथे झांबेझीवरील रस्तापूल खुला झाला. तोवर देशाच्या मुख्य उत्तर-दक्षिण महामार्गावरील वाहने तेथे फेरीबोटीने नदी पार करीत. स्वातंत्र्यानंतर चौतीस वर्षांनी देशाचा कणा जोडला गेला. पुढच्याच वर्षी रोवुमाच्या मुखाजवळच्या समुद्रात नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे सापडले. ५ ऑक्टोबर २०१७ रोजी त्याच काबो देल्गादो प्रांतात, मोसिंबोआ द प्राया येथे, जहाल इस्लामी गटाने हल्ला केला व नवे युद्ध सुरू झाले. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाल्यावर वायुप्रकल्पाचे काम थांबले. मुक्तिलढ्याची पहिली गोळी ज्या शायमध्ये झाडली गेली, ते ज्या जिल्ह्यात येते त्या माकोमियाचे मुख्य ठाणे बंडखोरांनी २०२० आणि २०२४ मध्ये काही काळ ताब्यात घेतले होते.

ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीच्या निकालाविरुद्ध झालेल्या निदर्शनांत तीनशेहून अधिक माणसे मारली गेल्याचा नागरी संघटनांचा अंदाज आहे. त्या दिवसांत आंदोलकांनी रोखून धरलेल्या ठिकाणांत दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवरील रेसानो गार्सिया हे ठाणे होते. १८९५ चा रेल्वेमार्ग तेथूनच जातो. उत्तरेच्या वायूला तर त्या वाटेचीही गरज नाही. पाल्माजवळच्या अफुंगीहून तो थेट जहाजांत भरला जावा अशी योजना आहे आणि तेथून मापुतो रस्त्याने अडीच हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. या प्रकल्पात तीन भारतीय सार्वजनिक कंपन्यांचा मिळून तीस टक्के वाटा असून त्यांतील एकीचे मुख्यालय मुंबईत आहे.